डायरीची साक्ष : ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ आणि तिची समीक्षा

लोकप्रिय कादंबरी आणि प्रणयप्रधान सुखात्मिका या दोन्ही प्रकारांना समीक्षेच्या दरबारात मानाचे आसन नाही. पहिलीची गणना रंजनपर वाङ्मयात होते, दुसरीची निव्वळ करमणुकीत. त्यामुळे लोकप्रिय कादंबरीवर बेतलेला सुखात्म चित्रपट समोर आला की समीक्षकाचे काम एका अर्थी सोपे होते. ती कृती वाचण्याची जबाबदारी त्याच्यावर उरत नाही. ती कशाचे लक्षण आहे, एवढे सांगितले की भागते. शोकात्मिकेतील नायिका चुकली तर समीक्षक तिच्या चुकीचे नाट्यगत प्रयोजन शोधतो. सुखात्मिकेतील नायिका चुकली तर तो तिच्या पिढीचे निदान करतो. हेलन फील्डिंग यांच्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ या कादंबरीचे (१९९६) आणि शॅरन मॅग्वायर यांनी दिग्दर्शित केलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाचे (२००१) जे अभिग्रहण झाले, ते या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कारण येथे प्रश्न एका हलक्याफुलक्या कृतीला न्याय मिळाला की नाही, एवढ्यापुरता नाही. विनोदी निवेदकाचे शब्द समीक्षेने कोणत्या प्रकारचा पुरावा म्हणून स्वीकारावेत, हा त्यामागचा वाङ्मयीन प्रश्न आहे.

प्रथम संहितेची जन्मकथा लक्षात घ्यावयास हवी. ब्रिजेट जोन्स कादंबरीत जन्मली नाही. ती १९९५ साली लंडनच्या ‘द इंडिपेन्डन्ट’ या दैनिकातील एका सदरात अवतरली, आणि त्या सदरावर लेखिकेचे नाव नव्हते. वृत्तपत्रांतून स्वतःच्या खासगी आयुष्याची चविष्ट कबुली देणाऱ्या सदरांचा तो काळ होता. ब्रिजेटची रोजनिशी ही त्या सदरांची शेजारीण होती आणि त्यांचे विडंबनही. हा शेजार पुस्तकाच्या बांधणीत नाहीसा झाला. वृत्तपत्राच्या पानावर ज्याचा विडंबनात्मक सूर आपोआप ऐकू येत होता, तोच मजकूर दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधला गेल्यावर पुष्कळांना सरळ आत्मनिवेदन वाटू लागला. हे अर्थातच फील्डिंग यांच्या लेखनाचे न्यून म्हणता येणार नाही. माध्यम बदलले की उपरोधाचा आधार सरकतो, याचे ते पहिले उदाहरण. दुसरे चित्रपटाने पुरवले. त्याकडे पुढे वळू.

कादंबरीचा ढाचा जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा आहे, हे लेखिकेने कधी लपवले नाही. नायकाचे नाव मार्क डार्सी. १९९५ साली बीबीसीने अँड्र्यू डेव्हिस यांच्या पटकथेवरून ऑस्टिनची ती कादंबरी मालिकारूपाने दाखवली, त्यात कॉलिन फर्थ डार्सी झाले होते. आणि फील्डिंगची ब्रिजेट ही मालिका पाहणाऱ्या असंख्य प्रेक्षकांपैकीच एक आहे. पुढे चित्रपटात मार्क डार्सीच्या भूमिकेसाठी कॉलिन फर्थच निवडले गेले आणि फील्डिंग, रिचर्ड कर्टिस यांच्याबरोबर पटकथा लिहिण्यासाठी त्याच अँड्र्यू डेव्हिस यांना पाचारण करण्यात आले. संहितांच्या या साखळीत मूळ कोणते आणि रूपांतर कोणते, हे सांगणे अवघड व्हावे. मराठी वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये. मोलिएरपासून इंग्रजीमार्गे आलेले कथानक देवलांनी ‘संशयकल्लोळ’मध्ये असे मुरवले की मूळाशी इमान किती राखले हा प्रश्न विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मूलनिष्ठेच्या कसोटीवर रूपांतराचे मूल्यमापन करू नये, हे लिंडा हचन यांनी २००६ साली सिद्धान्तरूपाने मांडले. आमच्या नाट्यव्यवहाराने ते सिद्धान्ताची वाट न पाहता आचरले होते.

कादंबरीच्या पानावरची ब्रिजेट कशी बोलते, याकडे समीक्षेचे लक्ष फार थोडे गेले. तिची वाक्ये तोडलेली असतात. कर्ता गळालेला असतो. विशेषणांची आद्याक्षरे तेवढी उरतात. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर हिशेब असतो : वजन, मद्याची मात्रा, सिगारेटी, उष्मांक. संकल्प आणि हिशेब यांची ही भाषा एखाद्या खतावणीसारखी आहे, आणि गंमत अशी की या खतावणीतील जमाखर्च कधीच जुळत नाही. नोंद ज्या निर्धाराने सुरू होते त्याच निर्धाराचा ती दहा ओळींत फज्जा उडवते. म्हणजे निवेदिका स्वतःविषयी जे विधान करते, त्याला तिच्याच निवेदनातील तपशील खोटे पाडत असतो. वेन बूथ यांनी १९६१ साली ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना मांडली, तिचे याहून सोज्ज्वळ उदाहरण वर्गात शिकवण्यासाठी सहसा सापडत नाही. लेखिका आणि निवेदिका यांच्यातील अंतर हेच या कादंबरीचे इंजिन आहे. ते अंतर ज्याने ओळखले नाही, त्याच्या हाती एका तिशीतल्या मुलीची रडकथा तेवढी उरते.

आता वजनाचा प्रश्न. पहिल्या नोंदीत ब्रिजेटचे वजन ९ स्टोन ३ पौंड, म्हणजे साडेअठ्ठावन्न किलोंच्या आसपास आहे. हा आकडा विनोदाचा कणा आहे. प्रौढ इंग्रज स्त्रीच्या दृष्टीने हे वजन अगदी सामान्य होय. वाचकाला आकडा दिसतो, निवेदिकेचा आक्रोश दिसतो आणि दोहोंमधील विसंगतीतून हसू येते. पुढे एका अत्यंत महत्त्वाच्या नोंदीत ब्रिजेट आपले आयुष्यभराचे ध्येय गाठते. ८ स्टोन ७ पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो. अठरा वर्षांची तपश्चर्या फळाला आलेली असते. त्या रात्री ती मेजवानीला जाते आणि टॉम हा तिचा मित्र तिला सांगतो की ती दमलेली दिसते. आधी बरी दिसत होती. एका वाक्यात अठरा वर्षांचा हिशेब रद्द होतो. मला हा प्रसंग कादंबरीचे मर्मस्थान वाटतो. तो विनोदी आहे, आणि या विनोदाच्या पोटात जी टीका आहे ती पुष्कळ वैचारिक लेखांपेक्षा धारदार आहे. आकड्याच्या मागे धावणाऱ्या स्त्रीला आकडा मिळतो आणि त्यात काहीही नसते. हे तिला कोण सांगतो हेही पाहावे. प्रियकर नव्हे, मित्र. जोडीदार म्हणून तिला पाहण्याचा ज्याचा काही संबंधच नाही, असा.

चित्रपटात हा प्रसंग नाही.

रूपांतरात प्रसंग गळणे ही नित्याची गोष्ट. एकोणीस प्रसंग गळले म्हणून कोणी तक्रार करू नये. पण विसावा प्रसंग कोणता, हे पाहावे लागते. हा प्रसंग गळला आणि त्याच्या जागी, रचनेच्या दृष्टीने, मार्क डार्सीची कबुली आली : ब्रिजेट जशी आहे तशीच त्याला आवडते. चित्रपटातील हा सर्वांत लोकप्रिय क्षण. प्रेक्षकाला तो सुखावतो, आणि सुखावावाच. पण कादंबरीत जी मुक्ती आकड्याच्या पोकळपणातून आली होती, ती चित्रपटात नायकाच्या पसंतीतून येते. एकीत कसोटीच निरर्थक ठरते. दुसरीत कसोटी कायम राहते, फक्त परीक्षक उदार निघतो. चित्रपटावर घेता येण्यासारखा सर्वांत गंभीर आक्षेप मला हा दिसतो, आणि गंमत म्हणजे त्यावर तुटून पडणाऱ्या समीक्षेच्या चर्चेत तो फारसा केंद्रस्थानी आला नाही.

त्या काळी चर्चा कशाची झाली? प्रथम, टेक्सासच्या रेने झेल्वेगरने इंग्रज मुलीची भूमिका करावी की नाही याची. ब्रिटिश वृत्तपत्रांनी निवड जाहीर होताच नाके मुरडली. झेल्वेगरने भूमिकेच्या तयारीसाठी पिकॅडॉर या प्रकाशनसंस्थेत, म्हणजे कादंबरीच्याच प्रकाशकांकडे, टोपणनावाने काही आठवडे काम केले. आणि तेथे तिच्या वाट्याला आलेल्या कामांत वृत्तपत्रांतील कात्रणे कापण्याचे काम होते. स्वतःच्या निवडीवर टीका करणारी कात्रणे ती मुकाट्याने कापून ठेवीत होती, ही हकीकत नंतर सर्वत्र छापून आली. फील्डिंग यांनाही असा प्रसंग सुचला नसता. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर हा वाद आपोआप मिटला. झेल्वेगरचे उच्चार इंग्रजांनाही पटले, तिला ऑस्करसाठी नामांकन मिळाले, रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या अमेरिकन परीक्षकांनी चित्रपटाचे स्वागत केले आणि अडीच कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २८ कोटी डॉलर मिळवले.

दुसरी चर्चा झाली ती तिच्या शरीराची. भूमिकेसाठी झेल्वेगरने किती वजन वाढवले, काय खाल्ले, नंतर ते किती दिवसांत उतरवले, हे परीक्षणांतून, मुलाखतींतून, सचित्र लेखांतून मोजले गेले. आणि येथे माध्यमांतराचा दुसरा परिणाम दिसतो. कादंबरीतील ब्रिजेटला शरीर नाही, फक्त आकडा आहे. ते शरीर कसे आहे हे वाचकाने आकड्यावरून ठरवायचे असते आणि ठरवताना निवेदिकेशी मतभेद व्हायचा असतो. पडद्यावर शरीर दाखवावेच लागते. ते दाखवण्यासाठी नटीला ‘जाड’ करण्यात आले की निवेदिकेचा भ्रम वस्तुस्थिती बनतो. डॅनिएल क्लीव्हरच्या घरी सापडलेली ती अमेरिकन तरुणी ब्रिजेटकडे पाहून ही सडपातळ असल्याचे आपल्याला सांगितले होते, अशी कुरकूर करते. हा प्रसंग कादंबरीतही आहे, चित्रपटातही आहे. कादंबरी वाचताना हसू त्या तरुणीला येते, कारण आकडा आपल्याला माहीत असतो. चित्रपट पाहताना प्रेक्षकाची नजर क्षणभर त्या तरुणीच्याच नजरेत मिसळते. चित्रपटाच्या कर्त्यांचा तसा हेतू नसावा. झेल्वेगरचा चेहरा त्या क्षणी इतका बोलका आहे की आपली सहानुभूती ढळत नाही. पण परीक्षकांनी मात्र पुढची पायरी ओलांडली. ब्रिजेटने स्वतःची जी मोजणी केली आणि जिच्यावर लेखिका हसली, तीच मोजणी त्यांनी गंभीरपणे नटीवर केली. ब्रिजेटच्या दुखण्याचे निदान करू पाहणारे परीक्षण त्याच दुखण्याचा नमुना होऊन बसले.

चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी ‘चिक-लिट’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या लेखनावर बेरिल बेनब्रिज यांनी फेसाची उपमा देऊन टीका केली आणि डोरिस लेसिंग यांनी तिला दुजोरा दिला. तरुण लेखिकांनी वजनाची चिंता करणाऱ्या, पिऊन पडणाऱ्या असहाय मुलींबद्दल का लिहावे, असा लेसिंग यांच्या आक्षेपाचा आशय होता. लेसिंग यांच्याविषयी आदर राखूनही असे म्हणावेसे वाटते की हा आक्षेप विषयावर आहे, लेखनावर नाही. मराठीत आपण कलावादी आणि जीवनवादी यांचा जो वाद ऐकत आलो, त्यातील जीवनवादी कसोटीचे हे सर्वांत ढोबळ रूप होय : पात्र आदर्श नसेल तर लेखिका दोषी. हीच कसोटी गंभीर कादंबरीला लावण्याचे धाडस कोणी करणार नाही. ती फक्त विनोदाला लावली जाते.

याहून पुष्कळ विचारपूर्वक केलेले विवेचन अँजेला मॅक्रॉबी यांचे आहे. ‘उत्तर-स्त्रीवाद आणि लोकप्रिय संस्कृती’ या विषयावरील त्यांचा निबंध २००४ साली आला आणि पुढे त्याच विचाराचा विस्तार २००९ च्या पुस्तकात झाला. स्त्रीवादाने मिळवून दिलेल्या गोष्टी गृहीत धरायच्या आणि त्याच वेळी स्त्रीवाद ही कालबाह्य, नीरस बाब असल्याचे सुचवायचे, अशी दुहेरी हालचाल लोकप्रिय संस्कृतीत चालू असते, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. ब्रिजेट स्वतंत्र आहे, कमावती आहे, एकटी राहते. हे सर्व स्त्रीवादाचे दान. पण तिला स्वप्न पडते ते वधूवेषाचे; आणि त्या स्वप्नावर स्त्रीवादाची नजर रोखलेली आहे हे ठाऊक असल्यामुळेच ते स्वप्न एखाद्या चोरट्या सुखासारखे गोड लागते. हा सिद्धान्त सूक्ष्म आहे, आणि चित्रपटातील काही दृश्यांना तो निश्चित लागू पडतो. मात्र मॅक्रॉबींसमोर मुख्यतः चित्रपट आहे, आणि त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी तो निष्कर्ष बिनदिक्कत कादंबरीलाही लावला. इमेल्डा व्हेलेहन यांच्यासारख्या थोड्या अभ्यासकांनी कादंबरी कादंबरी म्हणून वाचली. त्यांचे छोटे पुस्तक २००२ सालचे आहे. पण उद्धृत होतो तो सिद्धान्त, वाचन नव्हे.

त्या कादंबरीत काय आहे ते पाहावे. पहिल्याच प्रकरणात मार्क डार्सी ब्रिजेटला विचारतो की अलीकडे काही वाचले का. ती खरे म्हणजे स्त्री आणि पुरुष यांना निरनिराळ्या ग्रहांवरचे ठरवणारे जॉन ग्रे यांचे पुस्तक वाचत असते. सांगते मात्र सुसान फालुदी यांचे ‘बॅकलॅश’. आणि दुर्दैवाने डार्सीने ते वाचलेले निघते. स्त्रीवादावरील प्रतिहल्ल्याचे विश्लेषण करणारे १९९१ चे हे पुस्तक म्हणजे त्या दशकातील स्त्रीवादी चर्चेचा एक खुणेचा दगड होता. तेव्हा फील्डिंग यांची कादंबरी प्रतिहल्ल्याचे उदाहरण आहे असे म्हणणाऱ्या समीक्षकाने एवढे तरी लक्षात घ्यावे की त्याचे शस्त्र लेखिकेने आधीच आपल्या नायिकेच्या हाती, तेही न वाचलेल्या अवस्थेत, दिले आहे. हा विनोद स्त्रीवादावर नाही. तो वाचल्याचे सोंग करण्यावर आहे. आणि उपदेशपर पुस्तकांच्या ज्या बाजाराने स्त्रीच्या प्रत्येक अस्वस्थतेवर एकेक ग्रंथ छापला, त्या बाजारावर आहे.

मराठीच्या अभ्यासकाला येथे एक तुलना टाळता येत नाही. आपल्याकडे विनोदी निवेदकाची परंपरा जुनी आणि संपन्न आहे. कोल्हटकरांचा सुदामा, गडकऱ्यांचा बाळकराम, चिं. वि. जोशींचा चिमणराव हे सर्व लेखकापेक्षा एक पायरी खाली उभे राहून बोलतात. ‘बटाट्याच्या चाळी’तील ‘उपास’ या लेखात पु. ल. देशपांडे यांनी वजन घटवण्याचा संकल्प करणाऱ्या निवेदकाची जी फजिती वर्णिली आहे, तीत आकडे, पथ्ये, शेजाऱ्यांचे सल्ले, स्वतःची फसवणूक हे ब्रिजेटचे सारे साहित्य आहे. तो लेख वाचून मराठी पुरुषाच्या अधःपतनावर कोणी निबंध लिहिला नाही. कारण उघड आहे. तेथे निवेदक पुरुष होता, आणि पुरुषाने स्वतःची टवाळी केली की ती प्रगल्भता समजली जाते. स्त्रीने केली की तो कबुलीजबाब ठरतो. पुरुषाच्या ‘मी’मध्ये आपण लेखकाने घातलेला मुखवटा सहज ओळखतो, स्त्रीच्या ‘मी’खाली मात्र लेखिकेचा चेहराच शोधतो. इंग्रजी समीक्षेत घडले ते हेच. मराठीत लेखिकांच्या प्रथमपुरुषी कादंबऱ्यांचे काय झाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

सुखात्मिकेच्या रचनेविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय चित्रपटाच्या शेवटाचे महत्त्व कळणार नाही. नॉर्थ्रप फ्राय यांनी १९५७ साली दाखवून दिले की सुखात्मिकेत प्रेमिकांच्या मार्गात अवरोधक व्यक्ती उभ्या असतात, बहुधा बाप किंवा बापाच्या जागी असलेले कोणी. अवरोध हटला की नव्या समाजाची मेजवानी झडते. विसाव्या शतकाअखेरच्या लंडनमध्ये असा बाप कोठून आणावा? ब्रिजेटची आई तर स्वतःच घर सोडून जाते. वर्ग, पैसा, कुलप्रतिष्ठा यांचे जुने अडसर सैल झालेले. ज्या समाजात विवाहाला बाहेरून कोणी विरोध करीत नाही तेथे सुखात्मिका कशी लिहायची, हा लेखिकेपुढील खरा रचनाप्रश्न होता. आणि तिने दिलेले उत्तर कल्पक आहे. अवरोधक व्यक्ती डायरीतच बसलेली आहे. ब्रिजेटचे हिशेब, संकल्प, स्वतःला बजावलेल्या आज्ञा हा तो खडूस बाप. म्हणून कादंबरीच्या शेवटी वर्षभराची बेरीज येते तेव्हा ती मेजवानीइतकीच आवश्यक असते : खतावणी बंद झाल्याखेरीज सुखात्मिका पुरी होत नाही.

चित्रपटाने कथानकात दोन मोठे बदल केले. कादंबरीत आईचा ज्युलिओ हा पोर्तुगीज मित्र ठग निघतो, मंडळींचे पैसे घेऊन पसार होतो, आणि मार्क डार्सी गाजावाजा न करता पोर्तुगालपर्यंत जाऊन प्रकरण निस्तरतो. ऑस्टिनच्या डार्सीने लिडियासाठी जे केले त्याचा हा विनोदी अवतार. चित्रपटात ज्युलिओचा दूरचित्रवाणीवर वस्तू विकणारा ज्युलियन होतो, फसवणूक गळते, आणि तिच्या जागी दोन नायकांची रस्त्यावरील मारामारी येते. मारामारी झकास आहे. अनुभव नसलेले दोन सुशिक्षित इंग्रज कसे भांडतील याचे ते अचूक निरीक्षण आहे आणि परीक्षकांनी ते वाखाणले हे योग्यच. परंतु डार्सीच्या प्रतिष्ठेचा आधार त्यामुळे बदलला. गुप्तपणे केलेले उपकार ही ऑस्टिनची नैतिक कल्पना होती. येथे तिच्या जागी मत्सर आला. दुसरा तोटा अपरिहार्य होता : फर्थच डार्सी झाल्यावर ब्रिजेटने पडद्यावरच्या फर्थकडे पाहत बसण्याचा कादंबरीतील धागा सोडावा लागला. वाचिका आणि कल्पित नायक यांच्यातील नाते दाखवणारी ती खिडकी बंद झाली.

पण चित्रपटाने शेवटी एक खिडकी उघडली, आणि तिच्याकडे समीक्षेने जवळजवळ पाठ फिरवली याचे मला आश्चर्य वाटते. कादंबरीत डायरी कोणी वाचत नाही. चित्रपटात मार्क डार्सी ती वाचतो. ब्रिजेट आतल्या खोलीत कपडे बदलत असताना टेबलावरची वही त्याच्या हाती पडते, स्वतःविषयीचे जहरी शेरे तो वाचतो आणि निघून जातो; ती अंतर्वस्त्रांनिशी बर्फात धावत सुटते. तेथे ती त्याला जे सांगते त्याचे सार एवढेच की डायरीतले काही खरे मानायचे नसते, हे कोणालाही ठाऊक आहे. आणि तो डायरी घेऊन रागावून गेलेला नसतो. तो नवी कोरी वही विकत घ्यायला गेलेला असतो.

हास्यासाठी योजलेला हा प्रसंग निवेदनशास्त्राच्या दृष्टीने किती नेटका आहे! पडद्यावर निवेदिकेच्या आवाजाने आपण दीड तास जे ऐकत आलो, त्याला प्रथमच कथेतला वाचक लाभतो. तो ते अक्षरशः घेतो की काय, अशी भीती निर्माण होते. आणि मग तो अक्षरशः घेत नाही, यावर सुखात्मिकेचा सुखान्त अवलंबून राहतो. डार्सी नायक ठरतो तो जशी आहेस तशी आवडतेस असे म्हणाल्यामुळे नव्हे, तर डायरी वाचता येत असल्यामुळे. जी गोष्ट कादंबरीने निवेदनाच्या पोतात ठेवली होती ती चित्रपटाने प्रसंगात आणली. टॉमचा प्रसंग गमावल्याची ही काही अंशी भरपाई आहे असे मी मानतो. नायकाच्या पसंतीवरचा माझा वर नोंदवलेला आक्षेप त्यामुळे मावळत नाही. पण चित्रपटाला केवळ त्या आक्षेपापुरता आवळून ठेवणेही शक्य होत नाही.

ज्यांनी ही डायरी एका पिढीच्या स्त्रियांची साक्ष म्हणून समाजशास्त्राच्या न्यायालयात दाखल केली, त्यांच्या निष्कर्षांतला काही भाग तरीही टिकेल. चित्रपटाची बाजारपेठ, त्याने मागे आणलेल्या अनुकरणांची लाट, एकट्या स्त्रीच्या चिंतेचे झालेले व्यापारीकरण या गोष्टी खऱ्या आहेत. आणि ‘द एज ऑफ रीझन’ या दुसऱ्या चित्रपटात (२००४) तर समीक्षकांचे सारे आरोप जणू सूचना समजून अमलात आणल्यासारखे दिसतात. तो चित्रपट ब्रिजेटला हसतो, ब्रिजेटबरोबर हसत नाही. पहिल्याच्या समीक्षेने जे अंतर ओळखले नाही ते दुसऱ्याच्या कर्त्यांनाही ओळखता आले नाही, असे म्हणायचे की नाही हे मी वाचकावर सोपवतो. शॅरन मॅग्वायर यांनी २०१६ साली तिसरा चित्रपट केला तेव्हा पुष्कळ तोल परत आला होता.

फील्डिंग यांनी २०१३ च्या ‘मॅड अबाउट द बॉय’ या कादंबरीत मार्क डार्सीला मारले आणि वाचकांत हाहाकार उडाला. त्यावरील मायकेल मॉरिस यांचा चित्रपट २०२५ साली आला. ब्रिजेट आता विधवा आहे, दोन मुलांची आई आहे. यावेळी परीक्षकांचा सूर एकदम निराळा लागला. पहिल्या चित्रपटानंतरचा सर्वांत चांगला, असे अनेकांनी लिहिले, आणि त्याचे कारण म्हणून दुःख, शोक, प्रौढत्व यांचे दाखले दिले. चित्रपट चांगला आहेच. परंतु प्रशंसेची शब्दकळा पाहिली की लक्षात येते ते असे : मृत्यूने कथेत प्रवेश केल्यावर ब्रिजेटला प्रथमच पात्र म्हणून वाचण्याची परवानगी मिळाली. सूपमध्ये निळा दोरा शिजवून पाहुण्यांना निळे सूप वाढणारी, आकड्यांच्या खतावणीत अडकलेली, न वाचलेल्या पुस्तकांची नावे सांगणारी बत्तिशीतली ब्रिजेट मात्र अद्याप आपल्या वाचकाची वाट पाहत त्या १९९६ च्या पानांवरच उभी आहे.